बीएएसएलपी: वाचा आणि श्रवण विषयातली पदवी. मुलीच्या प्रवेशासाठी माहिती हवी आहे

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी झाली. नीट दिली आहे. एमबीबीएसला गुण पुरणार नाहीत, बीएएमएसला खासगी कॉलेजात कुठेतरी लागेल असं सगळे सांगतात. परवा सीईटी सेलचं माहितीपत्रक घेऊन बसलो होतो. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांच्या खालोखाल बीएएसएलपी असं नाव आलं. मी पुढे गेलो, ती तिथेच थांबली.

त्याला कारण आमच्या घरातच आहे. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे. अडीच वर्षांचा होईपर्यंत आम्हाला ते कळलंच नाही. ताट पडलं की वळून बघायचा, म्हणून ऐकू येतं असं आम्ही धरून चाललो होतो. आई म्हणायची, याचा बापही उशिराच बोलला. वेखंड उगाळून जिभेला लावून झालं. शेवटी सोलापुरात बेरा तपासणी झाली, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्राने बघतात ती, आणि मग सगळं उमगलं. पुढे कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवतात ते ऐकण्याचं यंत्र. त्यानंतरची चार वर्षं एसटीने थेरपीला नेणं-आणणं वहिनीने केलं आणि सुट्टीच्या दिवशी माझी मुलगी तिच्यासोबत जायची. घरी आली की त्याच्याशी तेच खेळ खेळायची. आज तो दुसरीत आहे, साध्या शाळेत.

म्हणजे पोरीला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला मात्र बापाचे प्रश्न पडलेत. ही पदवी धड आहे का? महाराष्ट्रात कुठे करावी? नंतर पोट भरतं का? पाहुणे म्हणतात, असलं नाव कुणी ऐकलंय तरी का, फिजिओ घे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

मातृका

सीनाकाठ, मी हीच पदवी केली आहे आणि गेली काही वर्षं कोल्हापुरात काम करते, म्हणून जरा लांब लिहिते.

पदवीचं पूर्ण नाव बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी. चार वर्षं. तीन वर्षं वर्ग आणि क्लिनिक, चौथं वर्ष इंटर्नशिप. कानाचा भाग आणि वाचा-भाषेचा भाग दोन्ही एकाच पदवीत शिकवतात. पुढे एमएस्सी करायची असेल तर एक बाजू निवडावी लागते.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा ती आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची. १९९२ च्या कायद्याने ही परिषद आहे. तिची मान्यता असलेल्याच कॉलेजातून पदवी घ्यायची. पास झाल्यावर केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव लागतं आणि नोंदणी क्रमांक मिळतो. त्याशिवाय कामच करता येत नाही. विनानोंदणी काम करणाऱ्याला कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कॉलेजची मान्यता ठराविक मुदतीसाठी असते, म्हणून मुलीच्या तुकडीच्या वर्षाला ती लागू आहे का हे परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत स्वतः बघा. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेतल्या एका ओळीवर विसंबू नका.

कुठे करावी? मुंबईत दोन जुनी ठिकाणं आहेत. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ ची, केंद्र सरकारची. सिकंदराबाद, कोलकाता, नोएडा इथे तिची विभागीय केंद्रं आहेत. दुसरं नायर रुग्णालयाचं टोपीवाला मेडिकल कॉलेज. तिथला वाचा-श्रवण विभाग देशातल्या सगळ्यात जुन्या विभागांपैकी आहे आणि महापालिकेचं रुग्णालय असल्यामुळे तिथे केसेसची गर्दी असते. शिकणाऱ्याला त्या गर्दीचा फार उपयोग होतो. पुण्यात धनकवडीला भारती विद्यापीठाचं कॉलेज आहे, ते अभिमत विद्यापीठ, त्यामुळे फीचा आकडा आधी विचारून घ्या. राज्याबाहेर म्हैसूरचं अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थान. मी तिथली. १९६० च्या दशकातली संस्था आहे आणि या विषयाला वाहिलेलं एवढं मोठं आवार देशात दुसरं नाही. मी २०१४ ला गेले तेव्हा त्यांची स्वतःची वेगळी प्रवेश परीक्षा होती. चेन्नईचं श्रीरामचंद्र, मणिपाल, तिरुवनंतपुरमचं निश, चंडीगडचं पीजीआय इथेही हा अभ्यासक्रम आहे.

आता मला खरं सांगायचंय ते. तुमच्या मुलीने त्या पानावर थांबणं ही मोठी गोष्ट आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली दुसरं काही मिळालं नाही म्हणून आल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याच जणींचा पहिल्या वर्षी जीव रमला नाही. इथे रोजचं काम फार हळू चालतं. एका मुलाकडून एक शब्द यायला सहा महिने लागतात. ते सहा महिने ज्याला जड जात नाहीत त्यानेच या वाटेने यावं. तुमच्या मुलीने चार वर्षं ते घरात बघितलंय.

फॉर्म भरण्याआधी तिला एक-दोन दिवस एखाद्या थेरपिस्टच्या खोलीत कोपऱ्यात बसू द्या. पुतण्याच्या थेरपिस्टनाच विचारा, त्या नाही म्हणणार नाहीत.

कृष्णाकाठी

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. फिजिओ घ्या. प्रत्येक तालुक्याच्या गावात हाडांचा दवाखाना आहे आणि फिजिओ लागतोच. वाचा-उपचाराला माणसं अजून डॉक्टरने दहादा सांगितल्याशिवाय जात नाहीत. माझ्या भाचीने हा कोर्स केला आणि तिला काम मिळवायला पुणे गाठावं लागलं. गावाकडे परत यायचं असेल तर विचार करा.

गोदाघाट

मी नाशिकला श्रवणतज्ज्ञ आहे, सोळा वर्षं झाली. कृष्णाकाठी म्हणतात त्यात तथ्य आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पगार मोठा नसतो. तालुक्याला कायम नोकऱ्या कमी आहेत. पण तालुक्याला रुग्ण कमी आहेत असं मात्र नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेल्यांची संख्या ५० लाखांवर आणि बोलण्याचं अपंगत्व असलेल्यांची सुमारे २० लाख नोंदली गेली. त्यात वयामुळे कमी ऐकणारे आजी-आजोबा, पक्षाघातानंतर बोलणं गेलेले, सहावीत अडखळणारी मुलं यांतले बहुतेक नाहीतच. माणसं आहेत, त्यांना कुठे जायचं ते ठाऊक नाही.

कामाच्या जागा सांगतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांचे दवाखाने. मोठी रुग्णालयं. कर्णबधिर शाळा. इम्प्लांट केंद्रं. श्रवणयंत्रांच्या कंपन्या. सरकारकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं, लहान मुलांतले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र असतं आणि तिथे श्रवण व वाचेच्या माणसाची जागा असते. ती कंत्राटी असते हे आधी सांगून ठेवतो. पण तिथे जे शिकायला मिळतं ते खासगीत मिळत नाही, कारण अंगणवाडीत तपासलेली मुलं थेट तिथे येतात.

माझी पहिली नोकरी श्रवणयंत्रांच्या एका दुकानात होती. दर महिन्याला इतकी यंत्रं विकलीच पाहिजेत असा आकडा दिलेला असायचा. ज्यांना मळ काढून आणि औषधाने बरं वाटलं असतं त्यांनाही यंत्र दाखवा असं वरून सांगितलं जायचं. मी अकरा महिन्यांत सोडलं. तुमच्या मुलीला हे आत्ताच सांगा: पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत, विक्रीवर पगार ठरतो का, हे विचारायचं. तसा असेल तर दुसरीकडे बघायचं.

कानाच्या बाजूचं काम यंत्रांचं आहे असा समज असतो. यंत्रं आहेतच. प्युअर टोन तपासणी, इंपिडन्स, ओएई, बेरा. पण त्यात माणूस वाचावा लागतो. दोन महिन्यांचं बाळ बेराला आणतात तेव्हा ते झोपलेलं असावं लागतं. मी आईला आदल्या दिवशी फोन करून सांगतो, सकाळी लवकर उठवा, गाडीत झोपू देऊ नका, इथे आल्यावर पाजा. ते नीट पाळलं गेलं तर तपासणी होते, नाहीतर त्या माउलीची इगतपुरीहून आलेली फेरी वाया जाते.

अंशूची आई

हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. माझ्या मुलाची ओएई, म्हणजे बाळाच्या कानाची पहिली तपासणी, जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी झाली. 'रेफर' आलं. म्हणजे पुन्हा तपासायला या. घरच्यांनी म्हटलं कानात पाणी असेल. मी एका ठिकाणी विचारलं तर तिथे म्हणाले, मूल वर्षाचं होऊ द्या, मग बघू. मी थांबले नाही, कारण बाळंतपणाच्या खोलीत तपासणी करणाऱ्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, एक-तीन-सहा एवढंच लक्षात ठेवा ताई. तिचं वय बावीस-तेवीस असेल. इंटर्न होती.

अंशूला पाचव्या महिन्यात श्रवणयंत्रं लागली. आज तो पाच वर्षांचा आहे आणि मोठ्या भावाशी भांडतो, तेही स्पष्ट शब्दांत.

सीनाकाठ, तुमच्या पुतण्याचे अडीच वर्षं गेले तसे कुणाचे जाऊ नयेत म्हणून तुमची मुलगी त्या इंटर्नच्या जागी असावी असं मला फार वाटतं. पोट भरतं की नाही ते जाणकार सांगतील.

सीनाकाठ

ताई, तुमचं लिहिलेलं वहिनीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

मातृका, गोदाघाट, आभार. सोलापूरच्या मॅडमना फोन केला, पुढच्या आठवड्यात या म्हणाल्या. अजून एक विचारायचं होतं. अभ्यास नक्की काय असतो? मुलीचं फिजिक्स कच्चं आहे.

सहावं सत्र

मी सध्या मुंबईत शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. काका, फिजिक्सला घाबरू नका म्हणावं, पण ते सुटत नाही. ध्वनीचं फिजिक्स सगळीकडे आहे. वारंवारता, तीव्रता, डेसिबल, अनुनाद. फरक एवढाच की इथे ते माणसाच्या कानात आणि घशात दिसतं, त्यामुळे कळतं. बारावीत मला डेसिबलचं गणित पाठ करावं लागलं होतं. इथे ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या आलेखावर, उजव्या कानाचा लाल गोल आणि डाव्याची निळी फुली मांडायला लागले आणि आपोआप डोक्यात बसलं.

पहिल्या वर्षी शरीररचना, ध्वनिशास्त्र, भाषाशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र. भाषाशास्त्र ऐकून अर्धा वर्ग दचकतो, कारण सगळे सायन्सचे. मला तेच सगळ्यात आवडलं. नंतर उच्चारदोष, आवाजाचे विकार, अडखळणं, दुभंगलेल्या टाळूची मुलं, स्वमग्न मुलं, मेंदूला इजा झाल्यावर जाणारी भाषा, गिळण्याचे त्रास, श्रवणयंत्रं, इम्प्लांट, गोंगाटाचं मोजमाप असं एकेक येत जातं.

क्लिनिक अगदी लवकर सुरू होतं. आधी नुसतं बघायचं, मग केस हिस्ट्री घ्यायची, मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली थेरपी. किती तास काय केलं याची नोंदवही ठेवावी लागते आणि ती तपासली जाते. सकाळी ओपीडी, दुपारी लेक्चर, रात्री उद्याच्या मुलासाठी चित्रं कापायची. माझ्या बॅगेत कायम फुगे, साबणाचे बुडबुडे आणि प्लास्टिकची भाजी असते.

राहण्याचा प्रश्न मुंबईत मोठा आहे. हॉस्टेल सगळ्यांना मिळत नाही. प्रवेश मिळाला की त्याच दिवशी त्याची चौकशी करा.

ओंजळ

माझा मुलगा गणित घेऊन बारावी झालाय, जीवशास्त्र नव्हतं. त्याला हे करता येईल का? त्याला आवाजावर काम करायचंय, ध्वनिमुद्रण वगैरे.

मातृका

ओंजळ, महाराष्ट्रातल्या सीईटी सेलच्या फेऱ्या नीटवर चालतात, त्यामुळे जीवशास्त्र नसेल तर इकडची दारं बंद. मात्र परिषदेच्या नियमात भौतिक, रसायन आणि तिसरा विषय जीवशास्त्र किंवा गणित वगैरे चालतो. म्हैसूरला माझ्या वर्गात गणिताची मुलं होती आणि ऑडिओलॉजीत ती पुढेच असायची. तिकडच्या संस्थांचं यंदाचं प्रवेशपत्रक बघा. फक्त त्याला ध्वनिमुद्रणाची ओढ असेल तर ही ती वाट नाही. इथे समोर यंत्राइतकाच माणूस असतो.

रानवाटा

मी अडखळतो. वय ४१. अजूनही अडखळतो आणि एका बँकेत अधिकारी आहे.

शाळेत असताना मला जीभ जड आहे म्हणून तोंडात खडे धरून वाचायला लावलं होतं. वर्गशिक्षक मी बोलायला लागलो की वाक्य स्वतः पूर्ण करायचे. त्यांना वाटायचं ते मदत करतायत. पंचविसाव्या वर्षी पहिल्यांदा वाचा-उपचार तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी पहिल्या भेटीत मला बोलू दिलं. चाळीस मिनिटं. मध्ये एक शब्द सुचवला नाही, घड्याळाकडे बघितलं नाही. मग सांगितलं की यात जिभेचा काही दोष नाही, भित्रेपणाही नाही, हे बहुतेकांचं दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं आणि मुलग्यांत जास्त दिसतं. मोठ्या माणसांत साधारण शंभरात एक जण असा असतो.

शंभरात एक. माझ्या बँकेच्या शाखेत रोज एवढी माणसं येतात, म्हणजे माझ्यासारखा एखादा रोज माझ्या समोरून जातो. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलीला शुभेच्छा. तिला ऐकून घ्यायला शिकवतील असं कॉलेज मिळो.

हातांची भाषा

माझे आई-वडील दोघेही कर्णबधिर. घरात खुणांची भाषा, तीच माझी पहिली भाषा. वरचे सगळे प्रतिसाद मनापासून वाचले आणि एक गोष्ट राहून जातेय म्हणून लिहितो.

वाचा शिकवणारी बरीच मंडळी पालकांना सांगतात, खुणा करू नका, मूल बोलायचं सोडून देईल. माझ्या आईचे हात लहानपणी बांधून ठेवले होते. तिला बोलणं फारसं आलं नाही आणि दहा वर्षांची होईपर्यंत कुठलीच भाषा धड मिळाली नाही. सगळ्या मुलांना इम्प्लांटचा सारखा फायदा होत नाही. काहींना होतच नाही. त्या मुलांनाही भाषा हवी, आणि ती वेळेत हवी.

आता दिवस बदललेत. दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेची स्वतंत्र संस्था आहे, तिचा दहा हजार शब्दांचा कोश आहे, आणि दुभाषी होण्याचा पदविका अभ्यासक्रमही आहे. सीनाकाठ, मुलगी बीएएसएलपीला गेली तरी तिने सांकेतिक भाषा शिकावी अशी माझी विनंती. माझ्या वडिलांना गेल्या वर्षी अपंगत्वाचा दाखला नवा करायचा होता. श्रवण तपासणीला समोरची मुलगी चार खुणा करू शकली, 'नमस्कार, बसा, आवाज आला की हात वर करा' एवढंच. वडील घरी येऊन ते आठवडाभर सांगत होते.

सहावं सत्र

हातांची भाषा, हे आमच्या वर्गात वाचून दाखवते. आम्हाला थोडंसंच शिकवतात. मी पुढच्या सुट्टीत वर्ग लावणार होतेच, आता नक्की.

थेम्सपार

इंग्लंडमध्ये पक्षाघाताच्या वॉर्डात काम करते. पदवी मुंबईतली, पदव्युत्तर इकडची. परदेशाबद्दल कुणी विचारलं नाही, पण पुढे प्रश्न येईलच म्हणून थोडक्यात. इकडे दोन्ही बाजू सुरुवातीपासून वेगळ्या आहेत, वाचेची पदवी निराळी आणि श्रवणाची निराळी. वाचेच्या बाजूने काम करायला एचसीपीसीची, म्हणजे इकडच्या नोंदणी परिषदेची, नोंदणी लागते, ते आपला अभ्यासक्रम विषयवार तपासतात. म्हणून पहिल्या वर्षापासून अभ्यासक्रमाच्या प्रती आणि क्लिनिकच्या तासांची नोंद जपून ठेवायची. अमेरिकेत वाचेला एमएस आणि श्रवणाला थेट डॉक्टरेटची पदवी लागते, नुसत्या आपल्या पदवीवर काम होत नाही.

माझ्या कामातला मोठा भाग गिळण्याचा आहे हे सांगितलं की भारतातल्या नातेवाइकांना नवल वाटतं. पक्षाघात झालेल्या माणसाचा घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, म्हणून दाखल झाल्यावर आधी तेच बघतो. पाणी पातळ असतं, तेच सगळ्यात धोक्याचं. आपल्याकडे अशा रुग्णाला प्रेमाने पहिलं काय पाजतात तर पाणी. हे एवढं एक गावोगाव कळलं तरी बरीच माणसं वाचतील.

कृष्णाकाठी

माझं मत थोडं बदललं आहे. भाचीला आज फोन केला. ती म्हणाली, आता पुण्यात स्वतःचं क्लिनिक आहे आणि इस्लामपूरला दर शनिवारी जाते. मला माहीतच नव्हतं.

चार वर्षं ज्यांना झेपत नाहीत त्यांच्यासाठी आणखी काही आहे का?

गोदाघाट

आहे. डीएचएलएस नावाची श्रवण, भाषा आणि वाचा या विषयांची एक वर्षाची पदविका आहे. ती केलेली माणसं श्रवणतज्ज्ञ किंवा वाचातज्ज्ञाच्या हाताखाली तपासणी आणि थेरपीत मदत करतात. स्वतंत्र निदान करणं त्यांचं काम नव्हे, हे स्पष्ट असू द्या. ज्यांना वर्गात उभं राहायला आवडतं त्यांनी कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाची डीएड किंवा पदवीनंतर विशेष बीएड करावी. तीही आरसीआयच्याच मान्यतेची.

सीनाकाठ

प्राधान्यक्रम भरला. मुंबईची दोन्ही वर, मग पुणे. पुढचं मुलगी लिहिते.

नमस्कार. मी बाबांच्या खात्यावरूनच लिहितेय. दोन दिवस सोलापूरला बसून आले. पहिल्या दिवशी चार वर्षांचा एक मुलगा तपासणीला आला होता. मॅडमनी त्याला शिकवलं, कानात आवाज आला की एक मणी वाटीत टाकायचा. आधी मोठा आवाज, मग हळूहळू बारीक. शेवटी त्याने मणी हातात धरला आणि नुसताच मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मॅडमनी चेहरा हलवला नाही. मग त्याने मणी टाकला. मी विचारलं, आवाज होता का? म्हणाल्या, नव्हता, त्याने माझ्या डोळ्यांवरून अंदाज बांधला, म्हणून ती पातळी पुन्हा घ्यायची. मला हे फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गुरुजी आले होते, पक्षाघात झालेले. बायकोचं नाव येत नव्हतं. पेला दाखवला तर त्याचंही नाव येत नव्हतं. पण मॅडमनी 'नऊ एके' म्हटल्यावर नव्वदपर्यंत नऊचा पाढा घडाघडा म्हटला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मॅडम म्हणाल्या, पाठ झालेलं मेंदूत निराळ्या वाटेने येतं, आता त्या वाटेने पुढे जायचं.

माझा एक प्रश्न आहे. मातृका ताई, आमच्याकडे घरात सगळे 'पानी' म्हणतात, 'कोन आलंय' म्हणतात. मीही घरी तसंच बोलते, शाळेत शिकून 'ण' म्हणायला लागले. त्या दिवशी गावाकडचा एक मुलगा आला, तो 'पानी' म्हणाला. त्याच्या कागदावर हे चूक म्हणून लिहायचं का? आणि माझं बोलणं असं आहे म्हणून मला तिकडे अडचण येईल का?

मातृका

चूक म्हणून लिहायचं नाही. आधी विचारायचं की घरात काय म्हणतात. आई 'पानी' म्हणत असेल, आजी 'पानी' म्हणत असेल, तर त्या मुलाने आपल्या माणसांची भाषा बरोबर उचलली आहे. घरी सगळे 'बाळ' म्हणतात आणि सात वर्षांचा मुलगा 'बाल' म्हणतो, 'राजा' ऐवजी 'लाजा' म्हणतो, तिथे काम आहे. तीन वर्षांचा म्हणत असेल तर बहुतेक वेळा थांबायचं. तसंच 'चाक' आणि 'चमचा' यांतला च निराळा, 'चार' आणि 'चिमणी' यांतला निराळा. हिंदी कार्टून बघणारं मूल सगळीकडे 'चिमणी'चाच च लावतं. ज्याला मराठी येत नाही त्या थेरपिस्टला हे ऐकूच येत नाही, आणि कधीकधी उलटं होतं, नसलेला दोष सापडतो. आपल्या तपासण्यांची बरीच साधनं दुसऱ्या भाषांसाठी तयार झालेली आहेत. मराठीत जी आहेत ती पुण्या-मुंबईच्या बोलण्याला धरून आहेत.

मी कोल्हापुरात केसपेपरवर हाताने एक रकाना आखून घेतला आहे, 'घरची बोली'. त्यात गाव लिहिते, घरात कोण कोण आहे ते लिहिते, आणि आईला सहज बोलतं करून तिचे चार शब्द जसेच्या तसे उतरवून घेते. तेवढं झालं की मगच मुलाकडे वळते.

तुला पहिल्या वर्षी ध्वनिशास्त्राच्या तासाला आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकवतील. ती आली की तुझ्या आजीचं बोलणं त्या लिपीत उतरवून बघ, पानभर. 'कोन आलंय' पासून सुरुवात कर. जमलं की मला पाठव, मी तपासून देते.